सोसायटीत जैवविविधतेची कार्यशाळा: घरटी, बीजगोळे की आणखी काही?

टेकडीपायथा (धागाकर्ता)
३ मे, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात, टेकडीला अगदी लागून. जुनी आहे, मध्ये हिरवळ, मागच्या कुंपणाशी एक ओसाड पट्टा. यंदा ५ जूनच्या आसपासच्या रविवारी 'जैवविविधता कार्यशाळा' घ्यायचं कमिटीने ठरवलंय आणि "तुला पक्ष्यांचं वेड आहे ना, मग तूच बघ" म्हणून ते माझ्या गळ्यात आलंय. कार्यक्रमही त्यांनीच ठरवून टाकलाय. मुलांनी चिमण्यांची लाकडी घरटी रंगवायची, बीजगोळे (मातीच्या गोळ्यांत बिया) करून टेकडीवर टाकायचे, गच्चीवर धान्यपाणी ठेवायचं. मग पॅटिस, सरबत, ग्रुप फोटो.

यातलं पॅटिस सोडलं तर मला कशाचीच खात्री वाटत नाही.

तर विचारायचं असं की तुमच्या गावात, शाळेत, सोसायटीत असं काही झालं असेल तर पुढे खरंच काही बदललं का? पाखरं, फुलपाखरं, काहीतरी वाढलं का? की सगळं फोटोपुरतंच?

शिवाय दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा एक मुद्दा आहे: "पक्षी बोलावले की घाण येणार, घाणीमागून उंदीर, उंदरांमागून साप. तुमची जैवविविधता टेकडीवर ठेवा, आमच्या जिन्यात नको." सभेत याला टाळ्या पडल्या. यावर काय बोलावं?


गप्पिष्ट
३ मे, सकाळी १०:३०

पॅटिस कुठल्या बेकरीचे ते आधी सांगा. बाकी चर्चा नंतर.


गोदाकाठ
३ मे, सकाळी ११:०५

नाशिककर असल्यामुळे चिमणीवर बोलायचा पहिला हक्क माझा. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस आता जगभर पाळतात, पण २०१० साली तो सुरू झाला तो नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने.

घरटी करा, जरूर करा. पण रंगवू नका, निदान आतून तरी नाहीच. मुलांना रंग हवेच असतील तर त्यांना कागद द्या. भोक साधारण ३२ मिलिमीटरचं ठेवा. मोठं झालं की साळुंकी घर बळकावते. भोकासमोर ती गोजिरवाणी दांडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, उलट पिल्लं पळवणाऱ्याला बसायला आयती जागा होते. आठ-दहा फूट उंचीवर, सावलीत, पावसाचा मारा लागणार नाही असं टांगा. प्लास्टिक आणि पत्रा नको, मे महिन्यात आतली पिल्लं भाजून निघतात. एक बाजू उघडता यायला हवी, हंगाम संपला की आतला कचरा काढता येतो.

आता खरा मुद्दा. चिमणी दाणे खाते हे अर्धंच खरं आहे. पिल्लांना सुरुवातीला अळ्या, किडे, कोळी असलं मऊ खाणं लागतं. सोसायटीत दर महिन्याला कीटकनाशकाची फवारणी होत असेल तर घरटं सागवानी केलंत तरी उपयोग शून्य. धुळीत लोळायला थोडी उघडी माती आणि रात्री बसायला दाट झुडूपही लागतं. सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि चार शोभेचे पाम असतील तर चिमणी कशाला येईल?

तुमच्याकडे फवारणीचं कंत्राट आहे का, ते आधी बघा.


माळरानी
३ मे, दुपारी १२:२०

गोदाकाठ यांना +१.

मी बीजगोळ्यांवर बोलतो. सोलापूरचा आहे, त्यामुळे रागावून बोललो तर हलकेच घ्या.

उघडी जमीन दिसली की लोकांना तिथे झाड लावावंसं वाटतं. माळ म्हणजे काही उजाड झालेलं जंगल नव्हे. दख्खनचा कमी पावसाचा पट्टा मुळात गवताचा आणि खुरट्या झुडपांचा आहे. माळढोक, धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी, शिवाय लांडगा, खोकड, चिंकारा या सगळ्यांना ती उघडी जागाच लागते. टिटवी आणि धाविक तर जमिनीवरच अंडी घालतात. तिथे झाडं दाटली की यांचं घर गेलं, वर ससाण्या-कावळ्यांना टेहळणीला जागा मिळाली. आमच्या सोलापूरजवळ नान्नजला माळढोकांसाठी अभयारण्य होऊन दशकं झाली, तरी आज तिथे माळढोक दिसला की बातमी होते. याला कारणं अनेक आहेत, पण माळावर झाडं लावण्याची हौस हे त्यातलं एक नक्की आहे.

तुमच्या पुण्याच्या टेकड्यांवरच बघा. हिरवं दिसावं म्हणून एकेकाळी गिरीपुष्प लावलं. ते मूळचं मध्य अमेरिकेचं. आता ते हटायचं नाव घेत नाही आणि त्याच्याखाली देशी काही धड उगवत नाही. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, म्हणजे काकांचा उंदरांचा प्रश्न तरी सुटला म्हणायचा.

त्यात हे बीजगोळेवाले बिया कुठून आणतात? बहुतेक वेळा जे सहज मिळेल ते, तेही परदेशीच: गुलमोहर, सुबाभूळ, पेल्टोफोरम. टेकडीवर नेऊन फेकायचे आणि घरी यायचं. उगवलं का, जगलं का, बघायला कोण जातंय?


चौथीच्या_बाई
३ मे, दुपारी १:४५

माळरानी, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण मी शाळेत बीजगोळे करून घेते आणि पुढेही घेणार.

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी आयुष्यात चिखलात हात घातलेला नाही. बी म्हणजे काय ते त्यांना चिया सीडवरून माहीत. चिंचोके, सीताफळाच्या बिया, बहाव्याची शेंग असं आणायला सांगितलं की आजी-आजोबांना विचारून येतात. एका मुलाने बहाव्याची शेंग फोडली, आतला काळा गर आणि त्याचा वास बघून वर्गभर "ईईई" झालं. त्या मुलांना आता बहावा आयुष्यभर ओळखू येईल. तुमच्या धाविकासाठी उद्या भांडणारी मुलं अशाच चिखलातून तयार होणार आहेत. पहिल्याच दिवशी "हे करू नका, ते करू नका" ऐकवलंत तर ती मोबाईलकडे परत जातील.


माळरानी
३ मे, दुपारी २:१०

बाई, चिखलाला ना नाही. फेकण्याला आहे. गोळे करण्याऐवजी कुंड्यांत पेरा, उगवताना बघू द्या, वर्षभर पाणी घालू द्या, पुढच्या पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याकडेला लावा. मुलांना रोप मरतं हेही कळू दे. गोळा फेकला की ते कळतच नाही.


चौथीच्या_बाई
३ मे, दुपारी २:१८

हे चालेल. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार ते सांगा आणि मी उद्याच सुरू करते.


वैनगंगा
३ मे, दुपारी ३:००

चंद्रपूरकडून नमस्कार. आमच्याकडे वन्यजीवांना प्रोत्साहन द्यायची कार्यशाळा भरवत नाहीत. वन्यजीवच भरवतात. संध्याकाळी सातनंतर शेतावर हजेरी सक्तीची.


ठाणेकरीण
३ मे, दुपारी ४:३५

वैनगंगा =))

मी फुलपाखरांच्या बाजूने बोलते. घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडीत जाऊन आले आणि तेव्हापासून हे वेड लागलं. लोक 'फुलपाखरू उद्यान' म्हणून फुलझाडं लावतात, तिथेच गाडी चुकते. फुलं म्हणजे मोठ्यांचं चहापाणी झालं. अंडी मात्र ते ठरावीक झाडावरच घालतात, कारण अळीला तीच पानं चालतात. ते खाद्य झाड नसेल तर फुलपाखरू येईल, मध पिईल आणि निघून जाईल.

सोसायटीत सहज लावता येतील अशी सांगते. लिंबू आणि कढीपत्ता लावलात तर लिंबाचं फुलपाखरू आणि कॉमन मॉर्मन हमखास. लिंबूवर्गीय झाडं भरपूर असतील तर ब्लू मॉर्मनसुद्धा. आपलं राज्य फुलपाखरू आहे ते, २०१५ साली जाहीर झालं. रुईवर प्लेन टायगर. बहाव्यावर आणि पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या टाकळ्यावर एमिग्रंट. उंच सरळसोट वाढणारा जो अशोक (म्हणजे खोटा अशोक) प्रत्येक सोसायटीच्या भिंतीशी रांगेत उभा असतो, त्यावर टेल्ड जे. कण्हेरीवर कॉमन क्रो. ईश्वरीचा वेल मिळाला तर कॉमन रोझ. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असते, पण ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी बेमालूम बसते की दाखवणारा कोणी नसेल तर सापडत नाही.

आणि हिरवळीत उगवलेली एकदांडी उपटू नका. आहे परदेशी तणच, पण लहान फुलपाखरांची त्यावर झुंबड असते.

सगळ्यात कठीण काम म्हणजे लोकांना अळी सहन करायला शिकवणं. फुलपाखरू सगळ्यांना हवं, अळी कुणालाच नको. आमच्याकडे लिंबावरच्या सगळ्या अळ्या एका सद्गृहस्थांनी फिनेल मारून 'साफ' केल्या आणि महिन्याभराने मला विचारलं, "यंदा तुमची फुलपाखरं कमी का हो?"


सुगरण_काकू
३ मे, सायंकाळी ५:१०

ठाणेकरीण, सद्गृहस्थांची बाजू कोणीतरी घ्यायला हवी म्हणून घेते. माझ्या कुंडीतल्या कढीपत्त्याचा दोन दिवसांत खराटा झाला. आधी ती अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग एक दिवस हिरवी गलेलठ्ठ होऊन बसलेली, हात लावला तर डोक्यातून लाल शिंग काढून दाखवते आणि घाण वास सोडते! फोडणीला पान नाही राहिलं. भाजीवाल्याकडे कढीपत्ता फुकट मिळायचे दिवसही गेले आता.

असो. फुलपाखरू मात्र सुंदर निघालं. पंख वाळवत तासभर कुंडीवरच बसलं होतं. आता दोन कुंड्या ठेवते, एक माझी, एक तिची. अळी नियम पाळत नाही हा भाग वेगळा.


ठाणेकरीण
३ मे, सायंकाळी ५:२२

काकू, तुमच्यासारख्या चार जणी प्रत्येक सोसायटीत मिळाल्या तर कार्यशाळांची गरजच नाही.


कृष्णाकाठचा
३ मे, रात्री ८:४०

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांसाठी लिहितो. सांगली भागात साप सोडवायचं काम करतो.

काकांची साखळी अर्धी बरोबर आहे. उंदरांमागून साप येतो हे खरं. पण उंदीर येतो तो कचराकुंडी, उघडं धान्य आणि तुंबलेल्या गटारामुळे, पक्ष्यांमुळे नव्हे. गच्चीवर किलोभर ज्वारी ओतलीत तर मात्र उंदीर नक्की येणार, म्हणून कार्यक्रमातलं धान्य काढून टाका, पाणी ठेवा.

टेकडीला लागून राहता म्हणजे साप आहेतच, आज आहेत, कार्यशाळेआधीपासून आहेत. फक्त दिसले नाहीत. त्यातले बहुतेक बिनविषारी. धामण, दिवड, तस्कर, कवड्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी ओळखता आले की भीती निम्मी होते. कवड्या आणि मण्यार यांत लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे पुढे पुसट आणि मागे ठळक. पण हे फोटोवर शिका, जिन्यात वाकून बघत बसू नका. घोणस फुत्कारते ती थेट कुकरच्या शिट्टीसारखी, एकदा ऐकली की विसरत नाही.

महत्त्वाचं: जिवंत साप घेऊन 'शो' करणाऱ्या कोणालाही बोलावू नका. मुलांच्या गळ्यात धामण, मग टाळ्या, मग रील. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि मुलांना शिकायला मिळतं ते नेमकं उलटं. फोटो दाखवा, साप दिसला तर दूर उभं राहून नजर ठेवायची आणि वनविभागाला किंवा नोंदणी असलेल्या सर्पमित्राला फोन करायचा हे शिकवा. चावला तर बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. चावलेला अवयव हलवायचा नाही आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. एवढं जरी शिकवलंत तरी कार्यशाळा वसूल.


सचिव_दादर
३ मे, रात्री ९:३०

सगळे रानात गेलेत, जरा सोसायटीच्या ऑफिसात या.

मी मुंबईत सोसायटीचा सचिव आहे, आणि अशा कार्यशाळांनंतर जे उरतं ते सगळं आमच्या टेबलावर येतं. पाण्याची भांडी ठेवली, कोणी धुतली नाहीत, डासांच्या अळ्या झाल्या, पालिकेची नोटीस आली. धान्य ठेवलं, चिमणी नाही आली, कबुतरं आली. एसीवर घरटी, खिडकीत विष्ठा, एका आजोबांना दम्याचा त्रास. कबुतरांना कोण खायला घालतं यावर दोन मजल्यांत बोलणं बंद आहे. जैवविविधता वाढली म्हणायची तर भांडणांच्या जाती तेवढ्या वाढल्या.


भूतदया_परमो
३ मे, रात्री ९:४१

कबुतर हा जीव नाही का? पिढ्यानपिढ्या लोक दाणे घालत आलेत. २०२५ मध्ये कबुतरखाना बंद केला तेव्हा मुक्या जीवांचे काय हाल झाले ते दादरकरांनीच बघितलंय.


सचिव_दादर
३ मे, रात्री ९:४८

दादरकरांनी आधीची विष्ठाही बघितली आहे.


गप्पिष्ट
३ मे, रात्री ९:५०

आली कबुतरं. आता धाग्याची प्रतिसादांची शंभरी नक्की.


(यापुढील कबुतरविषयक ३४ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया इथे मूळ विषयावर लिहावे. — संपादक मंडळ)


टेकडीपायथा
४ मे, सकाळी ८:१५

संपादकांचे आभार. सचिवसाहेब, डासांचं खरंच महत्त्वाचं आहे. आमच्याकडे डेंग्यूच्या भीतीने पावसाळाभर धूरफवारणी होते. ती बंद करा म्हटलं तर मलाच बंद करतील. यावर कोणाकडे काही आहे का?


अर्धी_बादली
४ मे, सकाळी ९:३०

आहे. आरोग्य विभागात होतो, आता निवृत्त.

धुराने उडते डास मरतात, तेही तेवढ्यापुरते. अळ्यांना काही होत नाही, चार दिवसांत नवे डास हजर. डेंग्यूचा डास घरातल्या आणि आवारातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीतले टायर, बांधकामाची पिंपं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, सगळी भांडी उपडी करून घासा. घासणं महत्त्वाचं, अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. पक्ष्यांचं भांडं तर रोजच धुवायचं, उथळ ठेवायचं.

कोरड्या दिवसाची यादी करून मुलांच्या टोळीला द्या. पोरांना दुसऱ्यांच्या घरात घुसून फ्रिजचा ट्रे तपासायला फार आवडतं. धूर मात्र रुग्ण सापडला तरच, पालिकेच्या सांगण्यावरून.

आणि तळं केलंत तर उत्साहाने गप्पी मासे सोडू नका. ते दक्षिण अमेरिकेतले. बंद टाकीत ठीक, ओढ्यात गेले की स्थानिक माशांच्या मुळावर येतात.


माळरानी
४ मे, सकाळी ९:५५

हा प्रतिसाद छापून प्रत्येक लिफ्टमध्ये लावावा.


सावंतवाडीचो_झील
४ मे, सकाळी ११:२०

पुण्या-मुंबयची चर्चा वाचून मजा वाटता. आता जरा प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर संपादक मालवणी धाग्यावर हलवतील.

आमच्याकडे कार्यशाळा घ्यायला शहरातून लोक येतात. बॅनर, टोप्या, प्रोजेक्टर. समोर बसलेल्या बायकांना 'रानभाज्यांचे महत्त्व' सांगतात. त्या बायका टाकळा, कुर्डू, फागला खाऊनच मोठ्या झाल्यात. माझ्या आजीला गणपतीच्या माटवीला (गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला) काय काय बांधायचं ते रानात कुठल्या वळणावर मिळतं हे पाठ होतं. कांगणं, कवंडळ, हरणं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोरांना घेऊन रानात जायची, तीच कार्यशाळा, प्रमाणपत्र नाही. गोव्यात त्याला माटोळी म्हणतात, तिथे तर माटोळीच्या स्पर्धा होतात. अर्थात आता बाजारासाठी लोक वेलच्या वेल ओरबाडून आणतात, तेही वाईटच.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. कल्पना उत्तम, आजीसारख्यांचं ज्ञान लिहून ठेवायचं. पण राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिली तेव्हा कितीतरी ठिकाणी ती घाईघाईने, बाहेरच्या माणसांकडून भरून घेतली. शेजारच्या दोन गावांच्या वह्या उघडल्या तर झाडं तीच, क्रम तोच, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच.

चांगलंही सांगतो, नाहीतर म्हणाल झील नुसता कुरकुरतो. मंडणगड तालुक्यातलं वेळास. पूर्वी तिथे समुद्री कासवाची अंडी लोक खायचे, विकायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडले कासवाची घरटी कुंपणाच्या आत हलवायची, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव झाला, पर्यटक गावातल्याच घरांत राहायला लागले. अंडी सांभाळणारेही गावातलेच. इथे आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडात नवा मासा सापडला, २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. देवाची जागा म्हणून लोकांनी आधीच राखली होती, सरकारने पाटी लावली.

म्हणून विचारतो, तुमच्या सोसायटीत आधीपासून जाणणारं कोण आहे? माळी कुठला? कामाला येणाऱ्या बायका कुठल्या गावच्या?


निवडुंग
४ मे, दुपारी १२:४०

झील, हेच लिहायला आले होते.

बागा उभ्या करण्याचं काम करते. सोसायटीतली जैवविविधता कमिटी ठरवत नाही, मुलं ठरवत नाहीत, माळीकाका ठरवतात. पानं झाडून जाळायची की झाडाखाली राहू द्यायची, गवत किती कापायचं, तण कशाला म्हणायचं, औषध कधी मारायचं. त्यांना तुम्ही कार्यशाळेत खुर्च्या मांडायला लावणार आणि मुलांना फुलपाखरू शिकवणार. सोमवारी काका नेहमीप्रमाणे अळ्यांवर औषध मारणार, कारण मागच्याच महिन्यात कमिटीने पानं खाल्ली म्हणून त्यांना झापलेलं असतं.

दुसरं, झाडांची छाटणी. सगळीकडे मे महिन्यात पावसाळ्याआधी फांद्या उतरवतात, नेमकं तेव्हाच बगळे-ढोकऱ्यांपासून बुलबुलांपर्यंत कितीतरी पाखरांची घरटी भरलेली असतात. छाटणीला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच, पण परवानगीत घरटं बघा असं कोणी सांगत नाही. धोकादायक फांदी काढावीच लागेल, बाकीची छाटणी हिवाळ्यात ढकला.

तिसरं, मागचा तो ओसाड पट्टा. त्याला हातच लावू नका. ओसाड म्हणताय तिथेच सगळ्यात जास्त काहीतरी राहत असेल.


सचिव_दादर
४ मे, दुपारी १:०५

निवडुंगताई, पटतंय. पण माळी कंत्राटाचा असतो, दर चार-सहा महिन्यांनी बदलतो. त्याला शिकवून काय उपयोग? कंत्राटातच लिहावं लागेल.


निवडुंग
४ मे, दुपारी १:१२

मग कंत्राटात लिहा. सचिव तुम्हीच ना? :)


विलायती_बोर
४ मे, सायंकाळी ६:३०

इंग्लंडातून. इथे शेजारपाजारचे मिळून कुंपणांना खाली तेरा सेंटिमीटरची चौकोनी भोकं पाडतात, रात्री हेजहॉगना (छोटा काटेरी प्राणी) या बागेतून त्या बागेत जाता यावं म्हणून. भोकावर छोटी पाटीसुद्धा. मी पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आपल्याकडे भोक बुजवायला माणूस मिळत नाही आणि तुम्ही पाडताय?"


पाकोळी_रात्रीची
४ मे, रात्री १०:५०

एक सुचवते, कारण कोणीच सुचवलं नाही. दिवसाऐवजी रात्र घ्या.

पांढरी चादर दोरीवर टांगा, समोर एक दिवा, शक्य असेल तर अतिनील (यूव्ही). आवारातले बाकीचे दिवे दोन तास बंद. पतंग येऊन बसायला लागतात. जुलैच्या शेवटी जगभर पतंग सप्ताह असतो आणि आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असतो, तेव्हा तर गर्दी होते. अमावस्येच्या आसपास अजून चांगलं. कण्हेरी-तगरीवर वाढणारा हिरवा-गुलाबी नक्षीचा हॉक मॉथ आला की मोठी माणसंसुद्धा मोबाईल बाजूला ठेवून बघतात, मग आठवण झाली की फोटो काढायला परत घेतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाकले की ओळखून देणारे भेटतात. खर्च चादरीचा, तीही घरचीच.

चादर जुनी घ्या. पतंग तिच्यावर अंडी घालून जातात, धुतली तरी डाग राहतात. घरी यावरून बोलणी खाल्ली आहेत.


चौथीच्या_बाई
४ मे, रात्री ११:०५

हे शाळेत करता येणार नाही पण मी माझ्या गच्चीवर करणार. वाचनखूण साठवली.


शिवाजीनगरी
५ मे, सकाळी ७:५०

मधमाश्यांबद्दल कोणी बोललं नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. तिथे प्रशिक्षणं होतात. महाबळेश्वर तालुक्यात मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं.

सोसायटीत पोळं दिसलं की लगेच जाळायला माणूस बोलावतात. आधी बघा कुठली माशी आहे. झुडपात तळहाताएवढं एकच पोळं असेल तर फुलोरी, अगदी शांत. भिंतीच्या पोकळीत असेल तर सातेरी. उंच इमारतीला किंवा मोठ्या झाडाला लटकलेलं आग्यामोहोळ असेल तर लांब राहा, पण तेही हंगाम संपला की आपणहून उठून जातं. रोजच्या वाटेवरच असेल तर जाणकार बोलवा, जाळू नका.


टेकडीपायथा
६ मे, रात्री ९:२०

काल कमिटीशी बोललो. काय झालं ते सांगतो.

बीजगोळे गेले. त्याऐवजी कुंड्यांत बहावा, करंज, ताम्हण. सुट्टीतलं पाणी वॉचमनकाका घालणार, त्याचे वेगळे पैसे, हे ठरावात लिहून घेतलं. (चौथीच्या बाई, तुमच्यासाठी हीच युक्ती.) घरटी अगदी मोजकी, न रंगवता, भोक ३२ मिमी, सुतार सोसायटीतलाच. धान्य रद्द, पाणी ठेवायचं.

फवारणी पूर्ण थांबणार नाही. हिरवळ आणि मागचा पट्टा वगळणार, बाकी महिन्याऐवजी तीन महिन्यांनी. 'अर्धी बादली' यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यावर एका डॉक्टर मॅडमनी मान डोलावली म्हणून जमलं. कोरडा दिवस शनिवारी.

कार्यशाळा दोन तुकड्यांत. शनिवारी सकाळी माळीकाका आणि सफाईच्या बायका, रविवारी मुलं. माळीकाका मूळचे भोरकडचे निघाले. मागच्या पट्ट्यात फिरलो त्यांच्याबरोबर. ज्याला मी गवत समजत होतो त्यातल्या कितीतरी गोष्टींची नावं त्यांना येतात. रविवारी त्यांनीच मुलांना फिरवायचं असं ठरलंय, ते लाजतायत, पण तयार आहेत. पतंगांची रात्र जुलैत, आणि ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात पुन्हा एकदा मोजणी, म्हणजे बदललं का ते तरी कळेल.

दुसऱ्या मजल्यावरचे काका अजून विरोधात आहेत. साप ओळखायचा भाग पहिला ठेवा, मग बघतो म्हणाले.

आता एकच अडलंय. ईश्वरी कुठे मिळेल? दोन नर्सऱ्या फिरलो. एकाने जांभळट नक्षीच्या मोठ्या फुलांचा वेल दाखवला.


ठाणेकरीण
६ मे, रात्री ९:४०

ती बदकवेल, परदेशी. घेऊ नका. ईश्वरीचं फूल लहान, फिकट, नळीसारखं असतं. औषधी वनस्पतींच्या नर्सरीत विचारा, नाहीतर पाऊस पडल्यावर कोणाकडून तरी फांदी लावून घ्या. लावल्यावर पहिलं वर्ष अळ्यांना वेल पुरत नाही, म्हणून एकदम तीन-चार लावा. आणि रुई फाटकाजवळ लावू नका, शनिवारी मारुतीच्या हारासाठी पानं ओरबाडली जातात. मागेच बरी.


गप्पिष्ट
६ मे, रात्री ९:५२

काकांना सांगा, ईश्वरीची मुळी जुनी माणसं सापाच्या विषावर उगाळून द्यायची. लगेच मंजुरी मिळेल.


कृष्णाकाठचा
६ मे, रात्री ९:५५

गप्पिष्ट, कृपा करून हे काकांना सांगू नका. उद्या खरंच कोणाला चावलं तर ते मुळी उगाळत बसतील. दवाखाना, दवाखाना, दवाखाना. वेल फुलपाखरांसाठी लावताय हेच सांगा.


गप्पिष्ट
६ मे, रात्री ९:५८

बरं. शब्द मागे घेतला. पॅटिसचं मात्र अजून कोणी सांगितलं नाही.